नऊ सांगितलं, चार लिहिलं

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे रातराणी म्हणत. नाव कोणी पाडलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण ते असं चिकटलं की नव्या डॉक्टरांना तिचं खरं नाव हजेरीपटावर शोधावं लागे. चौदा वर्षं ती सलग रात्रपाळी करत होती. बाकीच्या सिस्टरना महिन्यातून एक आठवडा रात्रीची ड्यूटी लागली तरी त्यांची तोंडं वाकडी व्हायची. ही मागून घ्यायची. पहिल्यांदा मागितली तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती. पोर शाळेतून आली की दार उघडायला घरात आई असावी, एवढंच तेव्हा मनात होतं. मुलगी आता वीस वर्षांची झाली, दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकू लागली. दार उघडायचं कारण संपलं, रात्रपाळी मात्र तशीच राहिली.

खरं सांगायचं तर तिला ती पाळी आवडायची. नातेवाईक घरी गेलेले, मोठ्या डॉक्टरांचा राउंड आटोपलेला, मेट्रनबाई आपल्या घरी झोपलेल्या. बत्तीस खाटांचा वॉर्ड तिच्या एकटीच्या शब्दावर चाले. तिच्या हाताखाली एक नवी सिस्टर असे आणि सफाईपासून बेडपॅनपर्यंत सगळं बघणारी एक मावशी. कोणाचा पाय किती उंच टांगायचा, कोणाला कुशीवर वळवताना उशी कुठं लावायची, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

पण झोप कुठं होती?

दिवसा तिच्या झोपेची राखण करायचं काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं होतं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आठ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यानंतर घरात त्यांना काही कामच उरलं नाही, तेव्हा त्यांनी हे एक काम शोधून काढलं. सकाळी नऊला ती खोलीत गेली की ते बेलचं बटण बंद करत, फोनचा आवाज बंद करत आणि बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून खुर्ची टाकून बसत. कुरियरवाला, गॅसवाला, खाली चेंडू खेळणारी पोरं, सगळ्यांना त्यांचं एकच वाक्य ऐकायला मिळे, तेही दबक्या आवाजात. "सूनबाई झोपलीय." एकदा तर मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी जिन्यातूनच परतवून लावलं होतं. तिचा नवरा म्हणाला होता, "बाबा, त्याला निदान पत्रक तरी देऊ द्यायचं होतंत." त्यावर बाबा म्हणाले होते, "दिलं असतं. पण त्याच्या चपला वाजत होत्या."

एवढा बंदोबस्त असूनही झोप काही साडेचार तासांच्या पुढं सरकत नसे. दीड वाजला की डोळे टक्क उघडत. मग ती नुसती पडून राही, आणि पडल्या पडल्या अंग बोलायला लागे. आधी उजवा खांदा, मग मान, मग कमरेच्या खाली एक जड, हट्टी ठणका. उठून केस विंचरताना हात डोक्यापर्यंत नेणं नको वाटे. सुरुवातीला तिनं ते मनावर घेतलं नाही. ऐंशी-नव्वद किलोची माणसं रोज कुशीवर वळवायची म्हटल्यावर पाठ दुखणारच. मग दुखणं मुक्कामालाच आलं. वॉर्डातल्याच हाडांच्या डॉक्टरांना तिनं एक्स-रेचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "सिस्टर, तुमची हाडं माझ्यापेक्षा चांगली आहेत. वय झालं की थोडं व्हायचंच." ती सेहेचाळीस वर्षांची होती. तिनं मलम आणलं, गोळ्या घेतल्या, पट्टा बांधला. मलमाचा वास आला की नवरा विचारायचा, "आज जास्त आहे का गं?" आणि ती म्हणायची, "नेहमीचंच." पुढं पुढं त्यानं विचारणं सोडलं. यात त्याची काही चूक नव्हती. रोज एकच उत्तर मिळालं की कोणीही सोडतं.

मग ती शिवणकाम करणारी बाई वॉर्डात आली.

पन्नाशीची, काटक, जिन्यावरून पडून नडगीचं हाड मोडलेलं. संध्याकाळी तिचं प्लास्टर झालं आणि रात्री ती रातराणीच्या ताब्यात आली. बाई गरीब स्वभावाची होती, काही मागायचं झालं तरी आधी माफी मागणारी. अकराला तिला ठरलेली गोळी दिली. साडेबाराला तिनं हाक मारली.

"सिस्टर, राग नका मानू, पण फार दुखतंय हो."

"प्लास्टरची पहिलीच रात्र आहे ना मावशी. दुखणारच. पाय उंच ठेवलाय, हळूहळू कमी होईल." दुखण्याचा आकडा विचारायचा नियम होता म्हणून तिनं विचारलं, "शून्य ते दहात किती दुखतंय?"

"नऊ असेल," बाई म्हणाली. मग ओशाळून म्हणाली, "मला कळत नाही तसं. पण नऊच."

रातराणीनं मान हलवली, टेबलापाशी आली आणि तक्त्यावर चार लिहिलं.

तिनं ते मुद्दाम केलं नाही. विचार करून तर नाहीच नाही. त्या दिवशी ती जेमतेम तीन तास झोपली होती, खांदा पेटल्यासारखा झाला होता, आणि तरीही ती उभी होती, चालत होती, औषधं वाटत होती. दुखणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. बाई तर झोपून होती, रडतही नव्हती. हात आपोआप चारवर गेला. दर तासाला पायाची बोटं तपासायची असतात. तिनं ती लांबूनच पाहिली, चादरीच्या कडेनं, अंधारात. दोनला बाईनं पुन्हा हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "जरा सोसा हो," आणि तिचं तिलाच जाणवलं की आवाजात धार आली आहे.

साडेतीनला वॉर्डातली मावशी बेडपॅन द्यायला त्या खाटेपाशी गेली आणि लगबगीनं परत आली. "सिस्टर, त्या बाईच्या पायाची बोटं बघा बरं. मला रंग ठीक वाटत नाही. आणि गार लागताहेत."

रातराणी उठली. तिनं बॅटरी लावली. बोटं टम्म सुजली होती, निळसर पडली होती. तिनं अंगठा हलवायला सांगितला. बाईनं दात आवळले, अंगठा जागचा हलला नाही. प्लास्टर आतून आवळत होतं आणि बाई तीन तास तेच सांगत होती. रातराणीनं ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन लावला, "लगेच या, कटर घेऊन," एवढंच म्हणाली, आणि तिचा तो आवाज ऐकून तरुण डॉक्टर पायात सपाता घालूनच धावत आला. प्लास्टर उभं चिरलं, आतला कापूस कापला, दोन्ही कडा उचकटल्या. बाईनं एक लांब श्वास सोडला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वीस मिनिटांनी बोटांवर लाली आली. डॉक्टरनं दोनदा तपासलं, वरिष्ठांना फोन केला, मग रातराणीला म्हणाला, "बरं झालं वेळेत कळवलंत. अजून दोन-तीन तास गेले असते तर पाय कामातून गेला असता. तुम्ही आहात म्हणून रात्री आम्हाला घोर नसतो."

हे कौतुक तिच्या घशाखाली उतरेना.

सकाळी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आली. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, एकमेकींना अगं-तूगं करणाऱ्या. पाळीचा ओव्हर देताना, म्हणजे वॉर्ड सोपवताना, रातराणीनं सगळ्या खाटांचं सांगितलं, या खाटेचंही सांगितलं. नवी सिस्टर चहाला गेल्यावर ती थांबली.

"एक राहिलं. त्या बाईनं साडेबाराला मला नऊ सांगितलं होतं. मी चार लिहिलं."

इन्चार्जनं तक्ता ओढून घेतला, पाहिला. "का?"

"माहीत नाही. मला चारच वाटलं."

"बोटं तपासली होतीस?"

"लांबून. म्हणजे नाहीच."

इन्चार्जनं तक्ता बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हे मला लिहून वर पाठवावं लागेल."

"पाठव. म्हणून तर सांगितलं."

"पाठवते. आता तू मला सांग. आत्ता, या क्षणी, तुला किती दुखतंय? मघापासून तू खांदा धरून उभी आहेस."

रातराणीनं खांद्यावरचा हात काढला. "मला? चार असेल."

"माझा खांदा तसा दुखला असता तर मी रजा टाकून घरी पडले असते," इन्चार्ज म्हणाली. "तू तुझ्याच मापानं मोजतेयस गं सगळ्यांना. आणि तुझं माप बिघडलंय."

ती रागानं बोलली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. रातराणी घरी आली, नेहमीप्रमाणे नऊला खोलीत गेली आणि त्या दिवशी तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दार उघडून बाहेर आली तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले. "काय झालं? कोणी आवाज केला का?" त्यांनी विचारलं. तिनं नाही म्हटलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या बाईचा पाय आता बरा आहे ना?" तिनं हो म्हटलं. "मग आज नुसती पडून राहा. झोप नाही आली तरी चालेल."

वरून चौकशी झाली, लेखी समज मिळाली, आणि इन्चार्जनं तिला हाताला धरून तळमजल्यावर फिजिओच्या खोलीत नेऊन बसवलं. फिजिओ म्हणजे तिच्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी. तिनं खांदा फिरवून पाहिला, पाठ दाबून पाहिली, वाकायला लावलं. रातराणी मनात म्हणत होती, आता ही मला वजन कसं उचलायचं ते शिकवणार. पण मुलीनं विचारलं, "सिस्टर, सलग सात तास शेवटच्या कधी झोपलात?"

तिला आठवेना. बराच वेळ शोधल्यावर आठवलं. "तीन वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला होता. तेव्हा महिनाभर घरी होते. सुरुवातीचा ताप उतरल्यावर नुसती झोपायचे."

"आणि त्या महिन्यात खांदा?"

त्या महिन्यात खांद्याची आठवणही झाली नव्हती. उचलायचं नव्हतं म्हणून असेल, असं ती म्हणाली.

"तेही असेल," मुलगी म्हणाली. "उचलण्याचा भाग आहेच, मी व्यायाम देते. पण झोप अपुरी पडली की तेच ओझं शरीराला जास्त जड लागतं. दुखणं वाढतं, आणि दुखतं म्हणून पुन्हा झोप मोडते. दिवसा कितीही अंधार केला तरी शरीराला कळतं की दिवस आहे. मी खात्री देत नाही. काहींना फार फरक पडतो, काहींना थोडा. पण तीन महिने रात्रपाळी सोडून बघा."

"आणि नाही पडला फरक तर?"

"तर निदान झोप तरी झाली असेल," मुलगी म्हणाली, आणि रातराणीला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

अर्ज लिहायला मात्र तिला आठ दिवस लागले. दिवसाचा वॉर्ड म्हणजे बाजार. राउंडमागून राउंड, विद्यार्थ्यांचे घोळके, नातेवाइकांचे प्रश्न, मेट्रनबाईंची नजर. तिथं ती कोण? बत्तीस खाटांची राणी एका फटक्यात दिवसाच्या आठ जणींमागची नववी सिस्टर होणार. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझी इच्छा. मी कोण सांगणारा." मग दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाला, "पण तू रात्री घरी असतीस तर मला आवडेल. मी कधी बोललो नाही एवढंच."

"चौदा वर्षांत एकदाही नाही?"

"तू थकलेली असायचीस. त्यात हे आणखी कुठं."

खरी पंचाईत झाली ती बाबांची. तिनं सांगितलं तेव्हा ते "चांगलं केलंस" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं परत आले. "सूनबाई, माझ्या राखणीत काही कमी पडलं का? परवा तो खालचा ड्रिल मशीन चालवत होता, मी उशिरा गेलो त्याच्याकडे."

"नाही हो बाबा. तुम्ही होतात म्हणून साडेचार तास तरी मिळाले."

ते समाधान झाल्यासारखे दिसले नाहीत, पण खुर्ची उचलून त्यांनी खिडकीशी नेली.

पहिले पंधरा दिवस तर असे गेले की आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं तिला वाटलं. दिवसभर वॉर्डात पायाला भिंगरी, कुठला फॉर्म कुठल्या खणात ते माहीत नाही, एका शिकाऊ डॉक्टरनं तर तिला "नवीन आलात का?" असंही विचारलं. आणि रात्री अकराला आडवी झाली की दोनला जाग. शेजारी नवरा असा घोरे, जणू चौदा वर्षं कोणी ऐकायला नव्हतं त्याची भरपाई करतोय. ती उठून स्वयंपाकघरात गेली तर तिथं दिवा लागलेला. बाबा टेबलाशी बसून जुना रेडिओ खोलत होते.

"तुम्ही अजून जागे?"

"मला कुठं झोप लागते," ते म्हणाले. "ही गेल्यापासून मी दोनला उठतो."

"मग दिवसा?"

बाबा स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "दिवसा तुझ्या दाराशी खुर्ची टाकायचो ना. तिथं लागायचा डोळा. तू आत आहेस म्हटलं की लागायचा."

तिला हसावं की रडावं कळेना. पहारेकरीच झोपा काढत होता, आणि आठ वर्षांत घरात कोणाला पत्ता नव्हता. तिनं दोघांना दूध गरम केलं. ती बसली, त्यांनी रेडिओतली एक तार दाखवली, कुठं तुटली आहे ते समजावून सांगितलं. चारला दोघं आपापल्या खोलीत गेली. असं आठ-दहा रात्री चाललं. मग एका रात्री तिला जाग तीनला आली. मग साडेचारला. मग एकदा सहाच्या गजरानंच उठवलं, आणि तिला आधी कळेना की आपण कुठं आहोत. त्या सकाळी नाश्ता करताना बाबा म्हणाले, "काल तू आली नाहीस." तक्रार नव्हती, पण तिनं ओळखलं. मग ती त्यांना संध्याकाळी सहाला चालायला घेऊन जाऊ लागली, फिजिओनं सांगितलंय म्हणून. सांगितलं होतं तिला, बाबांना नव्हे. तरी ते येत. त्यांचीही झोप थोडी पुढं सरकली. दोनचे साडेतीन झाले.

दीड महिन्यानं कमरेचा ठणका कमी झाला. एकदम नाही. एक दिवस तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण कमरेवर हात ठेवलेला नाही. खांदा हट्टी निघाला. व्यायाम केले, शेक दिला, तरी वजनाचं काम पडलं की तो संध्याकाळी कुरकुरायचाच. पण आता ती मदतीला दुसरी सिस्टर आल्याशिवाय जड माणसाला हात लावत नसे, आणि कुणी कुचकट बोललं तर ऐकून घेत असे.

शिवणकाम करणारी बाई नव्यानं घातलेलं प्लास्टर काढायला आली तेव्हा तिची ड्यूटी दिवसाचीच होती. बाई तिला ओळखून हसली. "तुम्ही त्या रात्री माझा पाय वाचवलात," ती बरोबरच्या सुनेला सांगू लागली.

रातराणीनं तिला बाकावर बसवलं. "मावशी, वाचवला वॉर्डातल्या मावशीनं. तुम्ही मला नऊ सांगितलं होतं. मी ते खरं धरलं नाही. चार लिहिलं."

"मलाही वाटलंच होतं," बाई म्हणाली, "तुम्ही ऐकत नाही असं." मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली, "पण तुम्ही ते आज स्वतःहून सांगताय. मी कोणाला सांगणार नव्हते." सून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. रातराणीनं माफी मागितली. बाईनं ती नीट घेतली, "असू दे" असं म्हटलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "दुखतं म्हणणाऱ्याला विचारत जा हो दोनदा."

तीन महिने संपले, आणि पुढच्याच महिन्यात दोन सिस्टर एकदम रजेवर गेल्या. इन्चार्ज तिच्यापाशी येऊन घुटमळली. तिनंच विचारलं, "रात्र हवी आहे ना?"

"एक आठवडा."

"एकच. आणि नंतर दोन दिवस सुट्टी. वहीत लिही माझ्यासमोर."

इन्चार्जनं लिहिलं. तो आठवडा तिनं केला. चौथ्या दिवशी खांदा आणि कमर दोन्ही परत आली, अगदी जुन्या ठिकाणी. त्या आठवड्यात मात्र तिनं एक केलं: कोणी आकडा सांगितला की तो रुग्णासमोरच तक्त्यावर लिहायचा, आणि बोटं बॅटरी लावून, हात लावून बघायची. सुट्टीचे दोन दिवस ती नुसती झोपली, आणि आठवड्याभरात दुखणं पुन्हा ओसरलं. त्या फेऱ्यानं तिची खात्री पटली. फिजिओच्या सांगण्यानं पटली नव्हती एवढी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक तरुण सिस्टर कायमची रात्रपाळी मागायला आली. घरी दहा महिन्यांचं मूल, सांभाळायला दिवसा कोणी नाही. इन्चार्जनं रातराणीकडे पाहिलं, जणू तिनं नको म्हणावं. पण रातराणीला नको म्हणवेना. पोरीच्या डोळ्यांत तिला काही वेगळं दिसलं नाही. चौदा वर्षांपूर्वी तिचंही कारण हेच होतं, घरी मूल.

"घे," ती म्हणाली. "मीही घेतली होती. फक्त मूल बालवाडीत जाईल तो महिना रात्रपाळीचा शेवटचा म्हणून आत्ताच अर्जात घाल. आणि अंग दुखायला लागलं तर मला सांगायचं, आकड्यात."

"कुठला महिना धरू, ताई?" पोरीनं विचारलं.

रातराणीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, आणि दोघी मुलाच्या जन्मतारखेपासून महिने मोजायला लागल्या.